गावच्या वाचनालयात उपक्रम: खोली एक, माणसं दीड (गोवा)

कुळागर | शनिवार, सकाळी १०.१२

मंडळी, सत्तरी तालुक्यातल्या एका पंचायतीच्या वाचनालयाचं वर्षाचं वेळापत्रक बसवायचं आहे. खोली एकच, ३० बाय १८ फूट. पुस्तकं सुमारे ३,२००. त्यातली दोन तृतीयांश मराठी, बाकी कोंकणी, इंग्रजी आणि थोडी हिंदी. लोखंडी रॅक आठ, लांब टेबल एक, खुर्च्या चौदा. ग्रंथपाल एक आणि मदतनीस अर्ध्या दिवसाचा, म्हणून शीर्षकात दीड. वेळ सकाळी ९ ते १, दुपारी ३ ते ६.३०, सोमवार बंद. उपक्रमांसाठी महिन्याला दोन हजार रुपये, वर एक दमडी नाही.

मुलांसाठी नियमित काहीतरी हवं आहे. मोठ्यांसाठीही हवं, पण 'मान्यवरांचं व्याख्यान आणि नारळ-शाल' सोडून. शिवाय जून ते सप्टेंबर पुस्तकं सांभाळायची की कार्यक्रम करायचे, हा वेगळाच पेच. 'वाचनसंस्कृती रुजवा' असं कृपया लिहू नका. कितीची चटई, किती वाजता, कोण बसणार, तेवढंच लिहा.

तारीखपट्टी | शनिवार, सकाळी ११.४०

कुळागरबाब, उपक्रम ठरवण्याआधी मोजायचं काय ते ठरवा. किती माणसं आली हा आकडा अहवालात छान दिसतो. तुम्ही मात्र त्या संध्याकाळी किती पुस्तकं घरी गेली ते लिहून ठेवा. साठ मुलं येऊन चित्रं रंगवून गेली आणि देवघेवीच्या वहीत नोंदी तीन, तर तुम्ही मंडप घातलात, वाचनालय बंदच होतं. एक साधी वही करा आणि तिच्यात तारीख, उपक्रम, मुलं, मोठे, त्या दिवशी दिलेली पुस्तकं, नवे सभासद आणि खर्च असे सात रकाने आखा. सहा महिन्यांनी काय बंद करायचं ते ही वहीच सांगेल.

आता गोष्टींचा तास. टेबल भिंतीला लावून खुर्च्या एकावर एक चढवल्या की तुमच्या खोलीत साधारण १२ बाय १४ फूट जमीन मोकळी होते, म्हणजे १६८ चौरस फूट. मांडी घालून बसलेल्या मुलाला सहा चौरस फूट लागतात. हिशेबाने २८ बसतील, तुम्ही २५ वर थांबा. ही मर्यादा दारावर लिहा आणि पाळा. पस्तीस मुलं आली की मागच्या दहांना चित्र दिसत नाही, ती एकमेकांना चिमटे काढतात आणि पुढच्या पंचवीस जणांचीही गोष्ट जाते.

दिवस शनिवार, वेळ ४. आपल्याकडे बहुतेक शाळा दीडच्या सुमारास सुटतात. त्यानंतर जेवण, मग झोप, आणि इतर दिवशी चारनंतर शिकवणी. दुपारी ३ ला ठेवलं तर मुलं पेंगतात, ५ ला ठेवलं तर मैदान जिंकतं.

आखणी अशी करा. ४ ते ४.१० येणं, चपला, पाणी. मग दहा-बारा मिनिटांची पहिली गोष्ट. पाच मिनिटं उभं राहून हातवाऱ्यांचं गाणं. त्यानंतर दुसरी गोष्ट, जरा मोठी. ४.४५ ला गोष्टी संपतात आणि ४.४५ ते ५.१५ मुलं पुस्तकं निवडतात. हा शेवटचा अर्धा तास म्हणजेच उपक्रम, बाकी सगळी त्याची तयारी. बहुतेक ठिकाणी नेमका तोच कापला जातो, कारण कोणीतरी खाऊ काढतं. खाऊ द्यायचाच असेल तर पुस्तक नोंदवून झाल्यावर, बाहेरच्या व्हरांड्यात. आत सांडलेल्या चुऱ्यावर मुंग्या आणि झुरळं येतात आणि झुरळांना पुस्तकाच्या बांधणीतली खळही चालते.

२५ मुलांसाठी टेबलावर ४० पुस्तकं, सगळी मुखपृष्ठ वर करून. रॅकमध्ये कण्याने उभं असलेलं बालपुस्तक सात वर्षांच्या मुलाला दिसतच नाही. मोजून पंचवीसच मांडली तर शेवटच्या मुलाच्या वाट्याला नको असलेलं पुस्तक येतं आणि पुढच्या शनिवारी ते मूल येत नाही.

सर्वात मोठी अडचण कार्डाची. पालकाच्या सहीशिवाय सभासद करता येत नाही आणि मूल येतं शेजाऱ्याबरोबर. यासाठी 'पाहुणा कार्ड' ठेवा: एक पुस्तक, चौदा दिवस, अनामत शून्य, नोंद फक्त नाव, शाळा, इयत्ता आणि घरचा फोन. वर्षाला पन्नास-साठ रुपयांची दहा चित्रपुस्तकं हरवतील असं धरून सहाशे रुपये आधीच बाजूला काढा. ती हरवली तर त्या रकान्यात लिहायची, मुलाच्या नावावर नाही.

वाचणारी व्यक्ती आणि नोंद करणारी व्यक्ती वेगळी हवी. ग्रंथपालांनी वाचायचं, मदतनीसाने वही धरायची. मदतनीस नसेल त्या दिवशी निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला बोलवा, पण एक अट आधीच सांगा: शेवटी 'यावरून काय बोध घ्याल?' असं विचारायचं नाही. ते विचारलं की मुलांच्या लेखी शाळा पुन्हा भरली.

अबोली | शनिवार, दुपारी १२.२५

तारीखपट्टी यांच्या आखणीला +१. पण भाषेचं राहिलं. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी, अशा पहिली-दुसरीच्या मुलांपुढे छापील मराठी सरळ वाचून दाखवलं की अर्धी मुलं तिसऱ्या पानाला गळतात. गोष्ट कोंकणीत सांगा आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ मात्र पुस्तकात आहे तशीच मराठीत म्हणून घ्या. चौथ्यांदा ती ओळ मुलंच म्हणतात. त्या दिवसाचे तीनच शब्द फळ्यावर जोडीने लिहा. सुणें आणि कुत्रा, माजर आणि मांजर, असे. तीनाहून जास्त नकोत, नाहीतर त्याचं शुद्धलेखन होतं.

औद्योगिक वसाहतीजवळच्या गावात कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही येतात. त्यांच्यासाठी शब्दविरहित चित्रपुस्तकं ठेवा, एका वेळी दहा पुरेत. आठ वर्षांखालच्या मुलांच्या रॅकवर भाषेच्या पाट्या नकोतच. वयाचे रंग द्या: लाल ठिपका ३ ते ५, पिवळा ६ ते ८, हिरवा ९ ते १२. ठिपका कण्याच्या तळापासून एक इंचावर, सगळ्या पुस्तकांवर एकाच उंचीला, म्हणजे चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक लांबून दिसतं.

पुस्तकं कमी पडत असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. त्यावर मराठी गोष्टी भरपूर आहेत, कोंकणीही आहेत. परवाना खुला आहे, म्हणजे श्रेय कायम ठेवून छापता येतात, पडद्यावर दाखवता येतात, भाषांतरही करता येतं.

माडाचीमुळां | शनिवार, दुपारी १.०५

मराठी वाचनालयात गोष्ट कोंकणीतून सांगायची, तर मग मराठी कधी

व्यवस्थापक | शनिवार, दुपारी १.३०

वरचा प्रतिसाद अर्धाच राहू दे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यावर, म्हणजे कोंकणी-मराठी वादावर, वेगळे धागे आहेत, तिकडे जा. इथे चटईचं माप चालू आहे.

रंगपट | शनिवार, दुपारी ४.५०

मोठ्यांसाठी काय, याचं उत्तर तुमच्या गावातच आहे. गोव्यात मराठी नाटक जत्रेच्या मंडपात उभं राहतं. ज्या गावात कादंबरी कोणी नेत नाही त्या गावातही नाट्यसंहितेची विचारणा होते. दिवाळीच्या आसपास मंडळाची माणसं 'सहा पुरुष, दोन बायका, सेट एकच' असं नाटक शोधत फिरतात. कला अकादमीच्या स्पर्धेत उतरणारी पथकं तर त्याही आधी. हा वाचक तुमच्या दारात स्वतः येतोय, फक्त त्याला रॅक सापडत नाही.

पहिलं काम: सगळ्या संहिता एकत्र करा. ड्युई वर्गीकरणात (पुस्तकं विषयवार क्रमांकाने लावायची पद्धत) मराठी नाटकं ८९१.४६२ ला जातात, कादंबऱ्या ८९१.४६३ ला. कोंकणी साहित्य ८९१.४६९ ला. लहान ग्रंथालयात नाटकं अनेकदा कथा-कादंबऱ्यांत मिसळलेली असतात, कारण दाखल करताना कोणी आतलं पान उघडलेलं नसतं. वेगळी केलीत की प्रत्येकीच्या आतल्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: पुरुष पात्रं, स्त्री पात्रं, अंक, स्थळं किती. एवढ्याने मंडळाचा दिग्दर्शक अर्धा तास वाचवतो आणि तुमचा कायमचा ग्राहक होतो.

दुसरं काम: नाट्यवाचन. महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते जानेवारी. तीन अंकी नाटक सबंध वाचू नका, अडीच तास कोणी लाकडी खुर्चीवर बसत नाही. एक अंक, ४५ ते ५० मिनिटं. वाचणारे सहा ते आठ, खोलीच्या लांब भिंतीशी अर्धगोलात, डोक्यावर ट्यूब. ५४० चौरस फुटांत माईक लावू नका. आवाज भिंतींवर आपटून शब्द फुटतात आणि वाचणारा कुजबुजायला शिकतो. रंगसूचना मंडळाच्या प्रॉम्प्टरकडे द्या, पण निम्म्या गाळून. 'तो उठतो, खिडकीशी जातो' हे सगळं वाचलं तर संवाद तुटतात. आधी दोन वाचनं एकत्र झालीच पाहिजेत. पहिल्या वाचनात माणसं पात्रं शोधतात, दुसऱ्यात जोडाक्षरं.

वेळ सायंकाळी ५ ते ६.१५. रात्री ८ नंतर ठेवलंत तर तालीमच समोर उभी राहील.

संहिता का हरवतात? एकाच्या नावावर जाते आणि हातोहात आठ जणांकडे फिरते. म्हणून मंडळाच्या नावाने 'समूह कार्ड' काढा. मुदत ६० दिवस, जबाबदार व्यक्ती एकच, आणि ती प्रॉम्प्टर. नायकाला जबाबदार धरू नका, प्रयोगानंतर तो सापडत नाही.

कलम५२ | शनिवार, रात्री ९.१५

रंगपट यांनी चांगलं लिहिलंय, पण त्यात एक सापळा आहे तेवढा सांगतो. स्वामित्व हक्क कायदा १९५७, कलम ५२(१). हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता साहित्यकृती, नाट्यकृती किंवा संगीतकृती सादर केली तर तो भंग धरत नाहीत. म्हणजे तुमचं मोफत नाट्यवाचन बसतं. तिकीट लावलंत की परवानगी हवी. वाचनाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिला ही सवलत नाही.

आठ नटांसाठी पूर्ण संहितेच्या आठ झेरॉक्स हेसुद्धा सवलतीत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाला जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात, त्याही ग्रंथालयाच्या वापरासाठी आणि पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तरच. बाजारात मिळत असेल तर तीन प्रती विकत घ्या, दोघांत एक धरून वाचा.

सिनेमाला वरची सवलत लागूच नाही, त्या यादीत चित्रपट नाहीत. कोणाच्या घरच्या ओटीटी खात्यावरून शनिवारी भिंतीवर सिनेमा लावण्याचा बेत असेल तर सोडा. निर्मात्याची लेखी परवानगी आणा.

लेखक वारल्यानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं मोजायची. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ ला खुलं झालं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराची साठ वर्षं वेगळी मोजा, तिथेच चुका होतात.

कुळागर | रविवार, सकाळी ८.३०

समूह कार्ड आणि पाहुणा कार्ड, दोन्ही लिहून घेतली. रंगपट, पेन्सिलीच्या नोंदी मदतनीस कालच करायला बसला. आता पावसाचं बोला. मागच्या भिंतीच्या दोन रॅकना दर जुलैत हिरवट पांढरी बुरशी धरते.

ओलकोंब | रविवार, सकाळी १०.००

मागची भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), बाहेरून गिलावा नाही आणि रॅक भिंतीला चिकटून. बरोबर ना? तिथूनच सुरू करतो.

चिरा पाणी पितो आणि आतल्या बाजूने हळूहळू सोडतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि घाटालगत त्याहून जास्त. रॅक आणि भिंत यांत वीतभर अंतर ठेवा, निदान सहा इंच. तळाची फळी जमिनीपासून सहा इंच वर. पुस्तकं इतकी सैल की दोन पुस्तकांत बोट जावं. दाटून भरलेल्या फळीत मधली पुस्तकं जूनमध्ये ओली होतात ती ऑक्टोबरपर्यंत सुकत नाहीत. भिंतीपासून सुटलेला रॅक डोलतो, त्यामुळे वरच्या टोकाला अँगल घालून भिंतीत बोल्ट मारा. मुलं फळीवर पाय देऊन चढतात हे विसरू नका.

दोन आर्द्रतामापक घ्या, काट्याचे चालतील. एक टेबलावर, एक मागच्या रॅकच्या तळाच्या फळीत. टेबलावरचा ७० टक्के दाखवत असताना तळाचा ८५ दाखवेल. बुरशीला ६५ च्या वर बरं वाटतं, म्हणून तळाच्या मापकाकडे बघून निर्णय घ्यायचा.

सगळ्यांच्या हातून होणारी चूक म्हणजे 'हवा खेळू दे' म्हणून जुलैत खिडक्या सताड उघडणं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते, आपण ती आमंत्रण देऊन आत घेतो. पाऊस पडत असताना आणि नंतर दोनेक तास खिडक्या बंद, पंखे चालू. लख्ख ऊन पडलं तरच उघडा, ११ ते ३.

आर्द्रता शोषणारं यंत्र मिळालं तर दिवसाला २० लिटर क्षमतेचं या खोलीला पुरतं. पण त्याचं भांडं भरलं की यंत्र आपोआप थांबतं. रविवारी संध्याकाळी भरलेलं भांडं मंगळवारी सकाळी रिकामं होणार असेल तर यंत्र असून नसल्यासारखं. मागच्या तोटीला नळी लावून ती उताराने खिडकीबाहेर सोडा. खिडकी उघडी ठेवून ते चालवू नका, सगळ्या सत्तरीची हवा कोरडी व्हायची नाही.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. बीजाणू पसरतात आणि डाग कापडात मुरतो. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर आणा, तोंडाला एन-९५ मास्क, व्हरांड्यात सावलीत वाऱ्यावर पान पान उघडून पूर्ण कोरडं होऊ द्या. मगच मऊ, रुंद रंगाच्या ब्रशने कण्याकडून कडेकडे झाडा, आणि ब्रश नंतर धुवा. कडक उन्हात ठेवलंत तर पुठ्ठा वाकतो. पावसाळ्यात पुस्तकांना प्लास्टिकची घट्ट वेष्टणं घालू नका, आतली ओल कोंडते. खाकी कागद चालतो.

छत गळून पुस्तक भिजलं तर हातात दोन दिवस असतात. ४८ तासांत बुरशी सुरू होते. दर वीस-पंचवीस पानांनी कोरा कागद घालायचा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक उभं करून, पानं पंख्यासारखी पसरून पंख्याखाली. कागद दर दोन-तीन तासांनी बदला. गुळगुळीत आर्टपेपरची पुस्तकं मात्र सर्वात आधी घ्या, कारण ती सुकताना पानं एकमेकांना चिकटली की पुस्तक संपलं.

वाळवीसाठी दर शनिवारी बॅटरी घेऊन रॅकच्या मागे बघा. मातीची नळी दिसली तर ती खरवडून समाधान मानू नका, वाळवी दुसरीकडून वर येते. जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडावं लागतं, ते जाणकाराकडून करून घ्या.

नव_दाखल | रविवार, सकाळी १०.४०

डांबरगोळ्या का नाही लिहिल्या? सगळीकडे तर ठेवतात.

ओलकोंब | रविवार, सकाळी ११.१०

मुद्दाम नाही लिहिल्या. डांबरगोळी बुरशी रोखत नाही, वाळवीला तिचं काही वाटत नाही. कसर थोडी दूर राहते, तीही बंद कपाटात. उघड्या रॅकमध्ये तो वास मुलांच्या आणि दिवसभर बसणाऱ्या ग्रंथपालाच्या छातीत जातो. वेखंडाच्या पुरचुंड्या निरुपद्रवी आहेत, हवं तर ठेवा, पण त्यांच्या भरवशावर कोपरा झाडायचा राहायला नको.

घाटवारा | रविवार, दुपारी १२.२०

पावसातच वीज जाणार, म्हणून इन्व्हर्टरचा हिशेब देतो. २० वॉटच्या चार ट्यूब आणि ७० वॉटचे तीन पंखे मिळून २९० वॉट. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास, त्यातले निम्मे धरा. तीन तास मिळतात, म्हणजे गोष्टींचा तास निभावतो. आर्द्रतेचं यंत्र इन्व्हर्टरवर टाकू नका, एकट्याने तीनशे-चारशे वॉट खातं.

तारीखपट्टी | रविवार, दुपारी ३.४५

तारखांचंही लिहितो, नाहीतर चांगला उपक्रम चुकीच्या दिवशी पडतो. चवथीआधीचा (गणेश चतुर्थी) पंधरवडा आणि नंतरचे आठ दिवस काही ठेवू नका. घरं रंगवणं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), मग पाहुणे. दिवाळीआधीचा आठवडा पोरं नरकासुर बांधण्यात असतात, तेव्हा जुनी वर्तमानपत्रं मागायला मात्र नक्की येतात. द्या, पण आधी त्या वर्षीचे जपायचे अंक बाजूला काढून. ३ डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त, नाताळ, कार्निव्हल, शिगमो (शिमगा), आणि गावची जत्रा तर तुम्हाला ठाऊकच. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस (प्रार्थना) असते, ग्रामसभाही बहुधा रविवारीच.

सरकारी अहवालाला लागणाऱ्या तारखा: १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल पुस्तक दिन. सगळे साजरे करायला गेलात तर नेहमीचे शनिवार बुडतात. सप्ताह तेवढा नीट करा, बाकीच्यांसाठी दाराजवळ त्या विषयाच्या वीस पुस्तकांचं टेबल पुरे.

मे महिन्यात मुलं रोज मोकळी असतात. त्या महिन्यात गोष्टींचा तास आठवड्याला दोनदा करा, सकाळी १० ला. दुपारी पत्र्याखाली बसवू नका.

नव_दाखल | रविवार, सायंकाळी ५.१५

निरोप कसे पोचवायचे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला तर तिसऱ्या दिवशी सुप्रभात सुरू होतं.

अबोली | रविवार, सायंकाळी ५.५०

ग्रुप नको, ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात आणि उत्तर फक्त तुम्हालाच येतं. पण ज्यांनी वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून सभासद करताना समोरच नंबर साठवून घ्या. आठवड्याला दोनच निरोप: गुरुवारी शनिवारचा, मंगळवारी नव्या पाच पुस्तकांचा फोटो. पुस्तकाची मुदत वाढवायची तर सभासदाने तारीखपट्टीचा फोटो पाठवायचा, तुम्ही नवी तारीख कळवायची. (सदस्य तारीखपट्टी नव्हे, पुस्तकातली, परतीच्या तारखांची.)

आणि ई-ग्रंथालय किंवा कोहा, ग्रंथालयाची जी संगणक प्रणाली वापराल तीत शीर्षकं युनिकोडमध्येच टंकित करा. जुन्या डीटीपी फाँटमधली यादी चिकटवली तर पडद्यावर दिसेल, शोधात सापडणार नाही. रोमन लिपीतलं शीर्षक वेगळ्या रकान्यात द्या, सगळ्यांना देवनागरी कळफलक येत नाही.

सांजवेळ | सोमवार, सकाळी ९.२०

ज्येष्ठांबद्दल कोणी बोललं नाही. मंगळवार-गुरुवार सकाळी ९.३० ते ११ 'अर्ज मदत' ठेवा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा (सरकारी पेन्शन) हयातीचा दाखला, गृह आधार या गृहिणींच्या भत्त्याचे कागद, विजेचं बिल. नियम तीन, आणि ते भिंतीवर लावा. ओटीपी त्यांनी स्वतः टाकायचा, कर्मचाऱ्याने विचारायचाही नाही. आधारची झेरॉक्स वाचनालयात ठेवायची नाही. आणि काम संपल्यावर संगणकातली उतरवलेली फाइल त्यांच्यासमोर पुसायची, कचरापेटीसकट. शेवटचा नियम हमखास विसरला जातो आणि महिनाभरात डाउनलोडच्या फोल्डरमध्ये निम्म्या गावाचे बँक पासबुक साठतात.

अर्जाला आलेल्या माणसाच्या हातात निघताना पुस्तक द्या. मोठ्या टाइपाची पुस्तकं त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर हवीत, आत रॅकमध्ये नाही.

घाटवारा | सोमवार, सकाळी १०.०५

एक बिनखर्चाचा उपक्रम: 'जुने फोटो आणा' दिवस. फ्लॅटबेड स्कॅनर पंचायतीकडून एका दिवसापुरता मागा. ६०० डीपीआय, टिफ फाइल. एका फोटोला स्कॅन, नाव आणि नोंद मिळून चार मिनिटं, म्हणजे तासाला पंधरा. चार तासांत साठ, त्यामुळे माणशी पाचच फोटो असं आधीच जाहीर करा. मूळ फोटो त्याच वेळी परत. मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल, बॉलपेन पुढच्या बाजूला उठतं. संमतीच्या चिठ्ठीवर दोन चौकटी: वाचनालयात दाखवायला चालेल, इंटरनेटवर टाकायला चालेल. दुसरीला पुष्कळजण नाही म्हणतात आणि ते पाळायचं.

कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) किंवा जमिनीची कागदपत्रं कोणी आणली तर नम्रपणे परत करा. चालू वादातला कागद तुमच्या संगणकात नको. पोर्तुगीज दस्तऐवज समजून घ्यायचे असतील तर पणजीला पुराभिलेख खात्याकडे पाठवा, ते दफ्तर १५९५ पासूनचं आहे. जुन्या छापील पुस्तकांसाठी पणजीतल्याच पाटोचं कृष्णदास शामा राज्य केंद्रीय ग्रंथालय, १८३२ सालचं. दक्षिणेतल्यांना नावेलीचं जिल्हा ग्रंथालय जवळ.

नव_दाखल | सोमवार, दुपारी १२.३०

विलंब शुल्क घ्यावं का? आणि देणगीत आलेल्या जुन्या गाइडांचं काय करायचं?

तारीखपट्टी | सोमवार, दुपारी ३.२०

मुलांना शुल्क नको. दिवसाला एक रुपया लावला की चाळीस रुपये झालेलं मूल पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. मोठ्यांना लावा, पण कमाल मर्यादा वीस रुपये.

देणगी दारात घेताना सांगा: निवड वाचनालय करेल, उरलेली परत न्यायची की रद्दीत द्यायची ते आत्ताच लिहून द्या. पाठ्यपुस्तकं, गाइड, सुटलेली बांधणी आणि बुरशीची पुस्तकं आतच घ्यायची नाहीत. बुरशीचं एक पुस्तक रॅकवर गेलं की ओलकोंब यांचं सगळं पुराण पुन्हा वाचावं लागेल. एकदा दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक मात्र निर्लेखनाच्या (नोंदीतून कमी करण्याच्या) मंजुरीशिवाय काढता येत नाही, म्हणून गाळणी दारातच हवी.

नवी पुस्तकं हवीत तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना राज्य केंद्रीय ग्रंथालयात विचारा. यादी मागतील तेव्हा तयार हवी, त्यामुळे सभासदांनी मागितलेली आणि न मिळालेली पुस्तकं लिहायला टेबलावर एक वही ठेवा.

कुळागर | सोमवार, सायंकाळी ६.४०

देव बरें करूं. येत्या शनिवारी २५ ची पाटी लावतोय. एकच विचारायचं राहिलं: दाराला सात इंचांची एक पायरी आहे. चाकाची खुर्ची घेऊन येणारी एक मुलगी गावात आहे.

घाटवारा | सोमवार, सायंकाळी ७.१०

उतार एकास बारा धरा. सात इंचांना सात फूट लांबी. रुंदी चार फूट, दोन्ही कडांना दोन इंचांची उंच कड, म्हणजे चाक घसरत नाही. वर दारासमोर निदान चार-पाच फूट सपाट जागा, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे जाते. पृष्ठभाग खरखरीत ठेवा, गुळगुळीत सिमेंटवर जुलैत शेवाळ धरतं. आत दोन रॅकमधली वाट तीन फुटांहून कमी असेल तर एक रॅक हलवावा लागेल.

सांजवेळ | सोमवार, सायंकाळी ७.३५

आणि चपलांची फळी आत्ताच डाव्या भिंतीला न्या. शनिवारी पंचवीस जोड त्या उतारावरच निघणार आहेत.